भट्टीचा दुसरा टप्पा

सेल्कर्क
१४ जानेवारी

प्रिय अम्मा,

पार्सल पोचलं. रुनाने ते दारातच फोडलं. हातमोजे तिला अगदी मापात बसले, आणि आपल्या आजीने विणलेत हे ती शाळेच्या बसमधल्या प्रत्येक पोराला सांगत सुटली आहे. बस मीच चालवत असल्यामुळे जाता-येता मलाही ते ऐकावं लागतं. केक निम्मा संपला. उरलेला मी पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलाय, नाहीतर तुमची नात जेवणाऐवजी तोच खाईल.

तुमचा गुडघा कसा आहे? तळ्यावरून वारा यायला लागला की तो दुखतो, आणि यंदा वारा जरा जास्तच आहे. पोस्टातल्या लिल्याताई कॉफीला येतात ना? तुमचा एइनार आमचं घर सोडून तुमच्याकडे राहायला आल्यापासून तुमचं काम वाढलं असेल. त्याला बटाटे नुसते उकडलेले चालत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आमच्याकडे एकच कटकट चालू आहे, ती म्हणजे तळघरातली भट्टी. बंद नाही पडलेली, पण घर गरम होत नाही. तुम्ही उधळे म्हणून हसत होतात ना आम्हाला, ही नवी भट्टी घेतली तेव्हा? तिचे दोन टप्पे आहेत. एरवी ती मंद जळते. थंडी फार वाढली की दुसरा टप्पा सुरू होतो आणि ती पूर्ण ताकदीने पेटते. ते कधी करायचं हे घरातल्या बोळाच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट ठरवतो. आता बाहेर उणे एकतीस आहे, मी वीस अंश मागतेय, घर पंधराच्या वर जात नाही, आणि भट्टी आपली मंद आचेवर दिवसभर घरघरत बसलेली. दुसरा टप्पा सुरूच होत नाही.

मी जमेल ते सगळं केलं. भट्टीतली हवा गाळायची जाळी नवी घातली. बाहेरच्या भिंतीतून निघणाऱ्या नळीवर बर्फ साचलं होतं, ते खरवडलं. विजेचा खटका पाडून पुन्हा चढवला. थर्मोस्टॅट अगदी पंचवीसपर्यंत नेऊन बघितला. पडद्यावर ज्वाळेचं एकच चित्र येतं, दुसरं येत नाही. रुना कोट घालून जेवते आणि 'आपण तंबूत राहतोय' असा खेळ खेळते. तिला मजा वाटतेय.

एइनारचा परवा निरोप आला होता, 'घर गार पडलंय का? रुनाला गरम कपडे घाल. मी येऊन बघू का?' हवामान बघितलं असेल त्याने. भिंतीवरचं ते यंत्र त्यानेच बसवलेलं, त्यामुळे त्याला काळजी वाटणं साहजिक आहे. पण येण्याची काही गरज नाही. मी माणूस बोलावलाय. त्याला तसं सांगितलंत तरी चालेल. मी रागावलेली नाही, हेही सांगा.

हे पत्र वाचून झाल्यावर कुठेही ठेवलंत तरी हरकत नाही. यात खासगी असं काही नाही.

रुनाचा पापा.

लॉरेल


सेल्कर्क
२२ जानेवारी

प्रिय अम्मा,

हे पत्र लिल्याताईंच्या नावाने पाठवतेय. त्यांना मी फोन करून सांगितलंय की तुम्हाला पोस्टात बोलावून हातात द्या. तिथेच बसून वाचा. घरी नेऊ नका. वाचून झालं की त्यांच्या शेगडीत टाका.

घाबरू नका म्हणणार होते. पण मीच इतकी घाबरलेय की ते शब्द लिहायला धजत नाही.

भट्टीवाला आला होता. रोमेल नाव त्याचं, मनिलाहून लहानपणी आलेला, बडबड्या. आत आल्या आल्या म्हणाला, "बाई, आमच्याकडे एवढ्या गारठ्यात मासे ठेवतात." त्याने थर्मोस्टॅटचा पुढचा भाग काढला, मागच्या दोन वायरी एका छोट्या तारेने जोडल्या, आणि खाली तळघरात भट्टी अशी धडाडून पेटली की रुना किंचाळली. जमिनीतल्या जाळीतून गरम वारा आला. तो म्हणाला, "भट्टी ठणठणीत. वायर ठणठणीत. दुसरा टप्पा कोणी मागतच नाहीये, तर तो येईल कुठून?"

मग त्याने थर्मोस्टॅटच्या पडद्यावर आतल्या पानांत शिरून बघितलं. खोली मागितलेल्या अंशांपेक्षा किती खाली गेली म्हणजे दुसरा टप्पा पेटवायचा, याचा एक आकडा तिथे असतो. तो कोणीतरी इतका मोठा करून ठेवला होता की घरात पाणी गोठलं असतं तरी दुसरा टप्पा पेटला नसता. रोमेलने तो दुरुस्त केला. तासाभरात घर गरम झालं. रुना नुसत्या मोज्यांवर नाचली. मी पुष्कळ दिवसांनी स्वेटर काढला.

दुसऱ्या दिवशी मुलांना घरोघरी सोडून परत आले तर घर पुन्हा गार. आकडा पुन्हा मोठा.

मी तो खाली आणला. हातात चहाचा कप होता. मी तिथेच, यंत्रासमोर उभी होते, आणि अम्मा, माझ्या डोळ्यांदेखत तो आकडा बदलला. मी हात लावला नव्हता. घरात रुना सोडून कोणी नव्हतं आणि ती जमिनीवर बसून चित्र काढत होती. मी पुन्हा खाली आणला. थोडा वेळ तसाच राहिला. मग पुन्हा वर गेला, आणि फोन वाजला. निरोप. 'घर गार आहे ना? हट्ट करू नकोस. नुसतं ये म्हण.'

मी रोमेलला फोन केला. तो म्हणाला, "बाई, हे यंत्र फोनवरून चालवता येतं. तुमच्या फोनवर आहे का ते?"

"नाही."

"मग कोणाच्या?"

त्याला कळलं असावं. म्हणाला, "घरातलं इंटरनेट काढून टाका, नाहीतर मी येऊन साधं यंत्र लावून देतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

अर्ध्या तासाचं काम! हे तोच करतोय, असा संशय मला पहिल्या निरोपापासून होता, अम्मा. त्या पत्रात मी 'हवामान बघितलं असेल' असं लिहिलं, ते तुमच्यासाठी नाही. तो वाचेल म्हणून लिहिलं. तुमची पत्रं तो फोडतो हे तुम्हाला माहीत आहे का, मला माहीत नाही. माझी फोडायचा.

आता तुम्ही विचाराल, मग अर्ध्या तासाचं काम करत का नाहीस? पोरीला गारठ्यात का ठेवलंस? मी स्वतःला रोज हेच विचारते. उत्तर हे आहे की यंत्र भिंतीवर आहे तोवर तो तुमच्या स्वयंपाकघरात बसून फोनवरून त्याच्याशीच खेळत राहतो. आकडा वर करतो, आम्ही कुडकुडतो, त्याला वाटतं आपण घरातच आहोत. ते दार मी बंद केलं तर तो खरं दार शोधेल. तो इथे येईल. म्हणून मी पंधरा अंशांत राहिले. मला पंधरा अंश परवडतात. तो परवडत नाही.

तुम्हाला मी सांगितलं होतं की आमचं पटलं नाही. तुम्ही विचारलंत, 'हात उचलला का त्याने?' मी नाही म्हटलं. ते खरंच आहे. त्याने कधीच हात उचलला नाही. त्याच्या मनासारखं झालं नाही की माझ्या गाडीची किल्ली सापडायची नाही. फोन बंद पडायचा. एकदा मी माझ्या बहिणीकडे राहायचं म्हटलं, तर सगळ्या घरातले दिवे गेले, आणि तो अंधारात खुर्चीवर बसून म्हणाला, 'बघू, माझ्याशिवाय कसं जमतं तुला.' मग मी रडले की सगळं परत चालू व्हायचं, आणि तो स्वतः कॉफी करून आणायचा. हे कोणाला काय सांगणार? दिवे गेले म्हणून नवरा सोडला, असं?

तो तुमचा एकुलता मुलगा आहे. तुमच्या टेबलावर तो भला माणूस असतो, हे मी बघितलंय. म्हणून तुम्हाला लिहायला हात पुढे होत नव्हता.

पण काल रविवार होता. रविवारी रुना त्याच्याशी फोनवर बोलते. बोलून झाल्यावर माझ्या मांडीवर येऊन बसली. नाक लाल झालेलं. म्हणाली, "आई, तू बाबाला सॉरी म्हण ना."

"का गं?"

"बाबा म्हणाला, आईने नुसतं सॉरी म्हटलं की घर लगेच गरम होतं. तू म्हणतच नाहीस. मला थंडी तुझ्यामुळे वाजते."

सात वर्षांची पोर, अम्मा. तिच्या तोंडून त्याचा आवाज आला. मी तिला पांघरुणात गुंडाळलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

आता मी ठरवलंय. गुरुवारी दुपारी रोमेल येऊन ते यंत्र काढतोय. साधं लावतोय, कोणाशी न बोलणारं. त्याच क्षणी एइनारला कळेल. पुढे काय होईल मला माहीत नाही. मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. तो गाडी काढून निघाला तर मला फोन करा. बाकी काही करू नका. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला काही समजावू नका. तुम्ही त्याला कधी अडवलं नाहीत, म्हणून तुम्हाला त्याचा तो चेहरा दिसलेला नाही.

माझ्यावर विश्वास बसत नसेल तर तसं कळवा, तरीही मी तुम्हाला अम्माच म्हणेन. पण गुरुवारबद्दल त्याला सांगू नका. एवढी भीक घाला.

लॉरेल


सेल्कर्क
२७ जानेवारी

प्रिय अम्मा,

लिल्याताईंचा काल संध्याकाळी फोन आला. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी जिन्यावर बसले ती उठलेच नाही. पण आधी माझ्याकडचं सांगते. तुम्हाला गुरुवारचं अर्धंच माहीत आहे.

त्या दिवशी उणे अडतीस होतं. गारठ्यामुळे बस बंद, शाळा बंद. रुना घरातच. रोमेल जेवणवेळेनंतर आला. त्याने जुनं यंत्र उतरवलं तेव्हा भिंतीवर फिकट चौकोन उरला. नवं एवढंसं आहे, पांढरं, दोन बटणांचं. त्याने बटण दाबलं. आधी पहिला टप्पा. आम्ही तिघं बोळात जाळीजवळ उभे राहून ऐकत होतो. मग दुसरा पेटला. रोमेलने रुनाला टाळी दिली. मी मात्र हातातल्या फोनकडे बघत होते.

फार वेळ लागला नाही. 'थर्मोस्टॅट दिसत नाही. काय केलंस?' मग लगेच, 'रुना ठीक आहे का? निघतोय मी.'

रुनाला कोट घालायला घेतला तर चेन लागेना. रोमेलने निरोप वाचला. त्याला जायला हवं होतं, पुढच्या घरी लोक वाट बघत होते. त्याने तिकडे फोन करून सांगितलं की इथलं काम लांबलंय, आणि हत्यारांची पिशवी दाराला टेकवून जिन्यावर बसला. म्हणाला, "नवी भट्टी पहिल्या दिवशी बघत बसावी लागते." भट्टी काही आजची नव्हती.

मी पोलिसांना फोन केला. फोनवरच्या बाईने विचारलं, "त्यांनी मारलंय का?"

"नाही."

"मारण्याची धमकी?"

"नाही. त्याने घर गार केलं. पोरीच्या अंगावर. इथे नसताना."

आता ही हसणार, असं मला वाटलं. ती म्हणाली, "पत्ता सांगा."

त्यानंतर तुमचा फोन. तुम्ही इतक्या हळू बोलत होतात की मला आधी कोण ते कळेना.

"पोरी, तो नाही येणार."

"निघाला नाही?"

"निघाला. गाडी सुरू होत नाहीये. इंजिन उबदार ठेवणारी वायर मी पहाटेच भिंतीतून उपटून काढली, आणि वर बर्फ लोटलं. अशा थंडीत आता गाडी दगड झालीय."

कोंबड्यांना दाणे घातले असं सांगावं तसं सांगितलंत. मागून मला गाडीचा तो आवाज ऐकू येत होता, कण्हल्यासारखा, परत परत. मग दार आपटल्याचा. तुम्ही म्हणालात, "ठेवते. आत येतोय," आणि फोन बंद.

अम्मा, तो गुरुवार तुम्हाला कसा सांगू? पोलीस आले. एक तरुण मुलगी होती, तिने सगळे निरोप बघितले, फोटो काढून घेतले, जुनं यंत्र पिशवीत घालून नेलं. रोमेल अंधार पडल्यावर गेला. घर एकवीस अंशांवर होतं आणि मी काकडत होते. तुम्हाला फोन लावला. त्याने उचलला. गोड आवाजात म्हणाला, "आई आडवी झालीय. काही निरोप?"

मी फोन ठेवला. मी माझं दार बंद केलं होतं, आणि त्याला तुमच्या घरात कोंडलं होतं. हा विचार मला आधी का सुचला नाही? मी तुम्हाला 'बाकी काही करू नका' असं लिहिलं, जणू तुम्ही कोणी परक्या आहात.

मी पुन्हा पोलिसांकडे हट्ट धरला. शुक्रवारी सकाळी तुमच्या गावातला शिपाई तुमच्या दाराशी आला, तो मी पाठवला होता. तुम्ही त्याला कॉफी दिलीत म्हणे, आणि सगळं ठीक आहे म्हणालात. सगळं ठीक आहे असं मीसुद्धा सगळ्यांना सांगायचे, कॉफीच देऊन.

आणि मग काल लिल्याताईंनी सांगितलं. शिपाई गेल्यावर तुम्ही त्याचे कपडे स्वतः घडी करून बॅगेत भरलेत. बॅग उंबऱ्यावर ठेवलीत. तो म्हणाला, "त्या बाईसाठी मला काढतेस?" आणि तुम्ही म्हणालात, "त्या बाईसाठी नाही. सात वर्षांच्या पोरीला तू थंडी वाजवलीस. माझ्या घरात माझ्या खुर्चीवर बसून वाजवलीस, आणि मी तुला त्यावेळी बटाटे तळून देत होते." मग तुम्ही वायर पुन्हा लावलीत, गाडी सुरू होईपर्यंत अंगणात उभ्या राहिलात, दुखऱ्या गुडघ्यावर, आणि तो गेल्यावर पोस्टात येऊन लिल्याताईंच्या समोर बसलात. रडला नाहीत, असं त्या म्हणाल्या. नुसत्या हात चोळत होतात.

मला काय वाटलं ते लिहायला जातेय आणि खोडतेय. तुमचे आभार मानू? पोटच्या पोराला घराबाहेर काढल्याबद्दल आभार कसे मानतात? मला माहीत नाही. तो लहान असताना तळ्यावर बर्फ फुटून पडला होता आणि तुम्ही पोटावर सरपटत जाऊन त्याला ओढून काढलं होतंत, ही गोष्ट तुम्ही मला लग्नाच्या दिवशी सांगितली होती. काल रात्रभर मला तीच आठवत होती.

तो कुठे गेला, हे कोणालाच माहीत नाही. त्याचा फोन बंद आहे. कोर्टाने त्याला आमच्या घराजवळ फिरकायला मनाई केलीय, तो कागद आज आला. कागद चांगला आहे. पण रस्त्यावर कोणतीही गाडी हळू झाली की मी पडद्याकडे जाते. आतापर्यंत शेजारी होते, कचऱ्याची गाडी होती, आणि एकदा रस्ता चुकलेला कोणी म्हातारा. रुना विचारते, "आई, तू सारखी काय बघतेस?" मी म्हणते, बर्फ पडतंय का ते. घर गरम आहे. ती पुन्हा मोज्यांवर नाचते. माझ्या पाठीतला गारठा मात्र अजून गेलेला नाही, आणि तो जायला बराच काळ लागेल, असं त्या पोलीस मुलीने सांगितलं. तिने सांगितलं म्हणून बरं वाटलं. मला वाटलं होतं माझ्यातच काही बिघडलंय.

आता तुम्ही एकट्या त्या घरात, आणि तो कुठे आहे कळत नाही. त्याच्याकडे तुमच्या घराची किल्ली आहे. मी हे लिहितानासुद्धा ऐकतेय, तुमच्याकडे काय चाललं असेल ते, एवढ्या लांबून.

म्हणून या. लिल्याताई पुढच्या रविवारी चर्चनंतर तुम्हाला घेऊन यायला तयार आहेत, मी विचारलंय. कोंबड्यांचं त्या बघतील. वाटल्यास चार दिवस या, वाटल्यास बर्फ वितळेपर्यंत राहा. रुनाच्या खोलीत पलंग लावलाय. तुम्ही नकार द्याल, 'माझं घर आहे, मी का निघू' म्हणाल. निघू नका. फक्त इकडे राहायला या. मला तुमची सोबत हवी आहे, हेच खरं कारण आहे. तुमच्या काळजीचं निमित्त मी पुढे करतेय.

दाराचं कुलूप नवं बसवलंय. त्याची एक किल्ली या पाकिटात आहे, ती तुमची. आल्यावर बेल वाजवू नका, हल्ली बेल वाजली की मी जागच्या जागी गोठते. मोठ्याने हाक मारा, तुमच्या आवाजात, म्हणजे मला कळेल. मग किल्लीने उघडा आणि सरळ आत या.

आत आल्यावर कडी तेवढी लावून घ्या.

तुमची,
लॉरेल